पंच्याऐंशी ग्रॅम ओल

सून त्या आठवड्यात दुसऱ्यांदा थंड खोलीतून वेळेआधी बाहेर आली, तेव्हा मावशी माशांचं खोकं काट्यावर ठेवत होती. जाड रबरी पडदा फाटकन हलला, पांढऱ्या वाफेचा लोट बाहेर आला आणि त्या लोटातून सून लंगडत आली. उपड्या क्रेटवर बसली आणि डावा बूट दोन्ही हातांनी ओढायला लागली.

“आई, अंगठा जागेवर आहे का बघा हो. मला तर काही कळतच नाहीये.”

मावशीने आधी खोक्याचं वजन पाटीवर लिहिलं, मग वळली. कामावर असताना ती आधी काट्याची होती, नंतर कुणाची सासू. बुटातून पाय निघाला. त्यावर एकावर एक तीन लोकरीचे मोजे. ते सोलून काढले तेव्हा आतला अंगठा मेणबत्तीसारखा पांढरा दिसला. मावशीने तो दोन्ही तळहातांत धरला. गोठलेली खोकी उचलून उचलून तिचे तळवे दगड झाले होते, त्यांनाही तो गार लागला.

“सकाळी पाय तापवलेस ना?”

“वीस मिनिटं. बूट घालून, नाड्या आवळून, हीटरला टेकून. तुम्ही सांगितलंय तस्संच.”

“मोजे तीन?”

“तीन. चौथा घातला तर पाय बुटात जायचा नाही.”

“मग तुझ्याच पायांना काय धाड भरलीय? आमच्या वेळी आम्ही आठ-आठ तास...”

“तुमच्या वेळी बर्फ गरम असायचा, आई.”

एरवी या उत्तराला मावशी हसली असती. पण तेवढ्यात सुपरवायझर आला. त्याला सगळे ‘घड्याळ’ म्हणायचे, कारण समोर माणूस आलं की तो आधी मनगटाकडे बघायचा आणि मग त्याच्या तोंडाकडे.

“अकरा वाजून सात मिनिटं,” घड्याळ म्हणाला. “जेवणाच्या सुट्टीला अजून त्रेपन्न मिनिटं आहेत, बाई.”

“अंगठा पांढरा पडलाय, बघा की.”

“मी अंगठे बघत नाही, वेळ बघतो.” त्याने वहीत काहीतरी लिहिलं. “दोन चिठ्ठ्या झाल्यात तुमच्या. तिसरी शुक्रवारी साहेबांच्या सहीने निघेल.”

तिसरी चिठ्ठी म्हणजे काम गेलं. त्याहून वाईट होता तो तिच्यावरचा मजकूर. ‘प्रकृती थंडीच्या कामास योग्य नाही’ असं एकदा कागदावर आलं की आसपासच्या कुठल्याच शीतगृहाचं दार उघडत नसे. असे कागद माणसाच्या आधी पोचतात. आणि सुनेला हे काम हवं होतं. माहेरी ‘हिच्या हातून काय व्हायचंय’ असं म्हणत म्हणत तिला वाढवलं होतं. इथे मात्र वर्षभरात ती आठ-आठ थरांची खोकी रचायला शिकली होती, भिंतीसारखी सरळ, एक थर बाहेर डोकावायचा नाही. थंडीला ती भीत नव्हती. तिचे पायच तिला दगा देत होते, आणि का देतात ते कुणाला सांगता येत नव्हतं.

मावशीला मात्र वाटायचं, आपल्याला ठाऊक आहे. पोरगी नाजूक आहे. हे तिने एकदा घरी मुलाजवळ बोलूनही दाखवलं होतं, आणि तेव्हा पातळ भिंतीपलीकडे सून ताटं पुसत होती.

मावशीची एकोणतीस वर्षं या शीतगृहात गेली होती, त्यातली तेवीस खोलीच्या आत. खोकं उचललं की ती वजन सांगायची, आणि मग काट्यावर ठेवून बघणाऱ्याचीच फजिती व्हायची. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा तिला बाहेर वजनकाट्यावर बसवलं आणि तेव्हापासून सगळे तिला काटेमावशी म्हणायला लागले.

त्या तेवीस वर्षांत तिच्या पायात नमद्याचे बूट होते. वरून जाड कातडं आणि आत दाबलेल्या लोकरीचा नमदा, मोज्यासारखा ओढून बाहेर काढता येणारा. दिसायला ते बूट म्हणजे एक ध्यान होतं. घातले की बदकासारखं चालावं लागे. शिवणीतून पाणी शिरायचं, कातड्याला चरबी चोळून चोळून हातांना वास यायचा. पण प्रत्येकीला नमद्याचे दोन जोड मिळत. काम संपलं की बायका पायातले नमदे उपसून बॉयलरखोलीत नेत आणि नळ्यांवर वाळत टाकत. तिथला बॉयलरवाला गोड गळ्याचा माणूस होता. नमद्यांचा ओल्या मेंढ्यांसारखा वास सुटला की तो गाणं थांबवून म्हणायचा, “आली माझी मेंढरं घरी!” कुणाचा नमदा कुठल्या नळीवर ते ठरलेलं असे, आणि कुणी दुसरीच्या नळीवर टाकला तर त्यावरून दोन-दोन दिवस अबोला. सकाळी नमदा हातात घेतला की उन्हात टाकलेल्या उशीसारखा लागायचा, हलका आणि उबदार. मावशीला अजून कधी कधी झोपेत तो वास यायचा.

मग नवी इमारत झाली. बॉयलर गेला, बॉयलरवाला गेला, नमदे गेले. प्रत्येकीला एक पोलादी लॉकर मिळाला आणि एक जोड नवे बूट. काळे, देखणे, बोटांवर पोलादी टोपी, बाजूला ‘उणे ३०’ असा पांढरा शिक्का. मावशीलाही मिळाले, पण काट्यावर ते क्वचितच लागत, म्हणून तिच्या लॉकरात ते नव्या नवरीसारखे बसून होते. आत काम करणाऱ्या बायकांना मात्र तिने आपली जुनी विद्या दिली होती. आत जायच्या आधी पाय तापवा. बूट चढवा, नाड्या आवळा, हीटरला पाय लावून बसा, तापलेला पाय दुपारपर्यंत टिकतो. बायकांच्या खोलीत त्यासाठी हीटरपाशी बाकडं ओढून ठेवलं होतं आणि आता तिथल्या जागेवरून अबोले होत. सून तिथे सगळ्यांच्या आधी येऊन बसे आणि सगळ्यांच्या शेवटी उठे. सासूने सांगितलेलं तिने कधी मोडलं नव्हतं.

बुधवारी सकाळी सून केस टोपीत कोंबत होती, म्हणून मावशीने दोघींचे लॉकर उघडले. दोघींच्या पायांचा नंबर एकच. लग्न ठरलं त्या दिवशी चपलांची अदलाबदल झाली आणि घरी पोचेपर्यंत कुणाच्या लक्षातच आलं नाही, यावरून तेव्हा केवढं हसू झालं होतं. मावशीने एका हातात स्वतःचा डावा बूट घेतला, दुसऱ्यात सुनेचा डावा. आणि तशीच उभी राहिली.

एकाच कारखान्याचे, एकाच नंबराचे, आणि सुनेचा जड.

“आत काय ठेवलंयस गं?”

“बुटात? पाय ठेवते, आई. अजून काय ठेवणार!”

मावशीने हात आत घातला. काही नव्हतं. अस्तर गार लागलं, एवढंच. ती दोन्ही बूट घेऊन नमुन्याच्या छोट्या काट्याकडे गेली. पाकिटं तपासायचा तो काटा पाच ग्रॅमपर्यंत बरोबर दाखवायचा. तिचा बूट एक हजार ऐंशी. सुनेचा एक हजार एकशे पासष्ट. तिने काटा पुसला, बूट पुन्हा ठेवले. पुन्हा तेच. मग तिने जुनं वर्तमानपत्र चुरगळून सुनेच्या बुटात कोंबलं, वरून मुठीने दाबलं, शंभरपर्यंत आकडे म्हटले आणि कागद बाहेर काढला. अक्षरं भिजून पसरली होती.

पंच्याऐंशी ग्रॅम. छोटा कप भरून पाणी.

हे पाणी आलं कुठून? आतली जमीन हाडासारखी कोरडी, उणे बावीसला पाणी वाहणार कसं? बुटाला भोक म्हणावं तर भोक नाही. मग उरला पाय. आणि तो विचार डोक्यात आला तसं मावशीला कुणी कानशिलात दिल्यासारखं झालं.

वीस मिनिटं हीटरला लावलेले पाय. तीन लोकरीचे मोजे. आवळलेल्या नाड्या. त्यानंतर गरम व्हरांड्यात पंधरा मिनिटं हजेरी, कारण ‘हजेरी पूर्ण पोशाखातच’ असा नियम. पाय घामाने निथळणार नाहीत तर काय! तो घाम अस्तरात मुरायचा आणि आत गेलं की तेच अस्तर ओल्या फडक्यासारखं पायाची ऊब ओढून घ्यायचं. संध्याकाळी बूट पोलादी लॉकरात, दार लावून कुलूप. सकाळी जसेच्या तसे ओले, आणि त्यावर पुन्हा वीस मिनिटं हीटर. जुन्या काळीही पाय घामेजायचेच, पण तो घाम नमद्यात जायचा आणि नमदा नळीवर वाळायचा. विद्या होती तीच होती, तिच्यातलं वाळवणं तेवढं नव्या इमारतीत आलं नव्हतं. आणि जी सगळ्यांत आज्ञाधारक, तिचेच पाय सगळ्यांत जास्त गारठले होते.

“पोरी,” मावशी म्हणाली, “नाजूक तू नाहीस. गाढव मी आहे.”

“आई, सकाळी सकाळी काय हे!”

“आज माझे बूट घाल. मोजा एकच, जाडसर. हीटरपाशी बसायचं नाही. हजेरीला चपलेवर उभी राहा, बूट हातात. खोलीच्या दारापाशी जाऊन घाल. दुपारी मोजा बदल.”

“चपलेवर? घड्याळ बोंबलेल.”

“बोंबलू दे. त्याला किल्ली द्यायला मी आहे.”

घड्याळ बोंबललाच. व्हरांड्यात सगळ्या बायका काळ्या बुटांत उभ्या, आणि मधेच एक चपलांची जोडी.

“पूर्ण पोशाख! नियम माहीत नाही का?”

“माझ्या सांगण्यावरून उभी आहे,” मावशी काट्याजवळून म्हणाली. “लिहायचं तर माझं नाव लिहा.”

“तुमची निवृत्ती आठ महिन्यांवर आलीय, मावशी. कशाला डाग लावून घेता?”

“माझं वय डाग पडण्याचं गेलं, बाळ. लिही.”

त्याने लिहिलं. आणि सून त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत आत राहिली, सगळ्यांबरोबर बाहेर आली, मोजा बदलून आत गेली आणि सगळ्यांबरोबरच सुटली. संध्याकाळी अंगठा काही गुलाबी झाला नव्हता, पण जिवंत होता. “दुखतोय हो, आई, दुखतोय!” असं सांगताना ती हसत होती.

सुनेचे ओले बूट मावशी यंत्राच्या खोलीत घेऊन गेली. जे यंत्र आत थंडी करतं, तेच मागच्या जाळीतून गरम वारा सोडत असतं. नवी इमारत झाल्यापासून तिथून येता-जाता तिने तो वारा गालावर घेतला होता. मशीनवाला तिला बघून उठला.

“मावशी, इथे काही ठेवायला परवानगी लागते.”

“तुझी?”

“साहेबांची.”

“साहेबांना विचारेपर्यंत शुक्रवार उजाडेल. तू बघू नकोस, मी ठेवते.”

तो खरंच पाठ फिरवून उभा राहिला. आणि तसाच भिंतीशी बोलल्यासारखा म्हणाला, “आतली गादी काढून वेगळी ठेवा. लवकर वाळेल.”

गुरुवारी मावशी बायकांच्या खोलीत गेली आणि हीटरपुढचं बाकडं ओढून बाजूला केलं. सात-आठ जणी बूट घालून ओळीने बसलेल्या होत्या, त्या अर्धवट उठल्या.

“अगं बाई, म्हातारीला काय झालं आज?” पॅकिंगमधली बडबडी म्हणाली. ती झोपेतसुद्धा बोलते असं तिचा नवरा सांगायचा.

“तुम्हाला पाय तापवायला मी शिकवलं. ते चुकलं,” मावशी म्हणाली. “बूट काढा, इथे हीटरपाशी नुसते मांडा. तुम्ही तिकडे बसा, चपलेवर.”

“म्हणजे बुटांना शेक आणि आम्हाला वारा?”

“हो. तुमच्या पायांना कोरडं लागतं, तापलेलं नाही.”

“चार वर्षं तापवतोय आम्ही. चार वर्षांनी सांगतेस?”

“चार वर्षांनी सांगते,” ती म्हणाली. दोघींनी बूट काढले. बाकीच्या बाकडं पुन्हा ओढून बसल्या. बडबडी त्या बसलेल्यांत होती.

शुक्रवारी सकाळी सुनेचा वाळलेला बूट एक हजार पंच्याऐंशी भरला.

त्याच दिवशी दुपारी मॅनेजरने सगळ्यांना खोलीच्या बाहेरच्या मोकळ्या जागेत बोलावलं. हे बूट त्याने स्वतः पसंत करून आणले होते, आणि त्यांच्याबद्दल कुणी काही बोललं की त्याच्या घरच्या माणसाबद्दल बोलल्यासारखं त्याला लागे. दरवर्षी बुटांच्या तपासणीचा एक कागद वर पाठवायचा असे. ‘बूट तपासले, योग्य आढळले.’ खाली त्याची सही आणि सगळ्यांत जुन्या कामगाराची, म्हणजे मावशीची. टेबलावर तो कागद होता, शेजारी सुनेची चिठ्ठी होती, आणि खाली पाण्याने भरलेल्या टबात एक बूट उभा होता.

“सकाळपासून पाण्यात आहे,” मॅनेजर म्हणाला. त्याने बूट उचलला आणि आतला कागद काढून सगळ्यांना दाखवला. “बघा. कोरडा ठणठणीत. एक थेंब आत जात नाही. बूट उणे तीसचा, खोली उणे बावीसची. म्हणजे उलट आठ अंश शिल्लक आहेत! मग पाय गार पडतात ते कुठून?” त्याने स्वतःच्या कपाळावर बोट टेकवलं. “इथून. थंडी डोक्यात असते. चला मावशी, सही करा.”

सून भिंतीला लागून उभी होती. मावशी पुढे आली, पण पेन तिने घेतलं नाही.

“साहेब, परीक्षा अर्धीच झाली. बाहेरचं आत जात नाही हे कळलं. आतलं बाहेर जातं का?”

“आत कुठलं पाणी?”

“पायाचं. माझ्या सुनेच्या एका बुटात पंच्याऐंशी ग्रॅम होतं, वाळवलं तेव्हा गेलं. तुमचा शिक्का कोरड्या बुटाचा आहे. ओल्या बुटाचा शिक्का कुठाय?”

“पंच्याऐंशी ग्रॅम!” मॅनेजर हसला. “मावशी, एवढ्याशा ओलीने काय होतंय?”

“तेच बघायचंय.” तिने काट्यामागून नव्या बुटांचा एक जोड काढून टेबलावर ठेवला. “नऊ नंबर. तुमचाच.”

“माझा नंबर तुम्हाला कसा कळला?”

“माझ्या धुतलेल्या फरशीवर तुमचे ठसे रोज असतात, साहेब. पाठ झालाय.”

मागे खसखस पिकली. मावशी थांबली नाही. “काल स्टोअरमधून सही करून घेतले. उजवा कोरडा आहे. डाव्याच्या अस्तरात काल संध्याकाळी पंच्याऐंशी ग्रॅम पाणी जिरवलंय, एक थेंब जास्त नाही. वजन करून घ्या. माझ्याही बुटांत तसंच आहे, उजवा कोरडा, डावा ओला. दोघं आत जाऊन उभे राहू. वीस मिनिटं.”

“हे काय नाटक लावलंय?”

“तिकीट नाही, साहेब, बघून घ्या!” बडबडी मागून ओरडली.

चाळीस माणसं बघत होती. मॅनेजरने सगळ्यांकडे पाहिलं, मग जाड कोट मागवला. मावशीने त्याच्या डोळ्यांदेखत चारही बूट छोट्या काट्यावर ठेवले. घड्याळ वेळ धरायला दारात उभा राहिला.

सहा वर्षांनी मावशी पुन्हा थंड खोलीत जात होती. नाकातले केस पहिल्याच श्वासाला ताठ झाले. दिव्यांभोवती तीच धुरकट वलयं, जिभेवर तीच लोखंडाची चव. गुडघ्यांनी लगेच तक्रार केली. समोर सुनेने रचलेली खोकी होती. वरपासून खालपर्यंत सरळ रेघ. मावशीने ती पहिल्यांदाच नीट पाहिली.

पहिली पाच मिनिटं मॅनेजर बोलत होता. बूट कसे निवडले, किती नमुने परत पाठवले, टाच कशी घसरत नाही. आठव्या मिनिटाला त्याचं बोलणं तुटक झालं. दहाव्याला थांबलं. मग त्याने पाय आपटायला सुरुवात केली, आधी हळूच, नंतर चांगला जोरात. मावशीच्या डाव्या पायात सुया टोचत होत्या, नंतर त्याही बंद झाल्या, आणि ते जास्त वाईट होतं. ती खांबासारखी उभी राहिली.

“उजवाही आपटा की, साहेब,” ती म्हणाली. “एकाच पायाने का नाचता?”

मॅनेजरने खाली पाहिलं. त्याचा डावा पाय हवेत होता.

“डोकं तर दोन्ही पायांना एकच आहे ना?”

“चौदा मिनिटं,” दारातून घड्याळ म्हणाला, आणि मॅनेजर पडदा ढकलून बाहेर गेला. जाताना लंगडत होता, डाव्याच पायाने.

“मावशी, या बाहेर,” घड्याळ म्हणाला.

“वीस म्हणाले होते. तू वेळ बघ.”

तो बघत राहिला. इलाज नव्हता, आतून मावशी आणि बाहेरून सगळे त्याच्याकडेच पाहत होते. सतराव्या मिनिटाला तो हळू आवाजात म्हणाला, “मावशी, पुरे आता, मी वीस लिहितो.” मावशी हलली नाही. त्याने वीस म्हटलं तेव्हा ती निघाली, सावकाश, भिंत धरून.

बाहेर सुनेने तिला उपड्या क्रेटवर बसवलं, बूट ओढून काढला, मोजा सोलला. अंगठा मेणबत्तीसारखा. सुनेने तो दोन्ही हातांत धरला आणि रागाने म्हणाली, “काय गरज होती वीसची? तो चौदाला पळाला होता की!”

“मी तुला नाजूक म्हटलं होतं,” मावशी म्हणाली. “तू ऐकलं होतंस.”

सुनेचे तळवे जास्त घट्ट झाले.

मॅनेजर टेबलापाशी खुर्चीवर एका पायात बूट आणि एका पायात मोजा अशा थाटात बसला होता. त्याने आपला अंगठा दोनदा चिमटीत धरून पाहिला. शेवटी मावशीपुढे कागद सरकवला, पण सही करा असं म्हणाला नाही. मावशीने पेन घेतलं आणि ‘योग्य आढळले’ याच्या खाली आपल्या जाड, तिरप्या अक्षरात लिहिलं: ‘कोरडे असतील तर. एका जोडाने कोरडे राहत नाहीत. लॉकरात वाळत नाहीत. पूर्ण पोशाखातल्या हजेरीत पाय घामेजतात. पाय तापवायला मी शिकवलं, ती चूक माझी.’ आणि वजनं लिहिली, आधीची आणि वाळल्यानंतरची. मग सही केली.

“तुमची चूक कशाला लिहिलीत?” मॅनेजरने विचारलं.

“खरी आहे म्हणून. आता तुमची तुम्ही लिहा.”

त्याने स्वतःची काही लिहिली नाही. सुनेची चिठ्ठी उचलली, घडी घालून खिशात घालायला निघाला. “ही सध्या माझ्याकडे राहू दे.”

“राहू दे नको,” मावशी म्हणाली. “खिशातला कागद कधीही बाहेर येतो. फाडा, नाहीतर द्या. दिलीत तर तुमच्या अंगठ्याची हकीकत मी तिच्या मागे लिहीन, चाळीस सह्या घेऊन.”

“माझी पहिली!” बडबडी म्हणाली.

मॅनेजरने घडी उलगडली. मग ‘प्रकृती थंडीच्या कामास योग्य नाही’ यावर रेघ मारली आणि वर लिहिलं, ‘बूट ओले’. सही केली आणि कागद घड्याळाच्या हातात दिला.

“चिठ्ठी बुटाला मिळाली गं!” बडबडीने आरोळी ठोकली, आणि मग मात्र कुणाला हसू आवरलं नाही.

हजेरीच्या नियमाबद्दल मात्र तो ‘वर विचारतो’ म्हणाला. वर विचारायला किती दिवस लागतात ते मावशीला एकोणतीस वर्षांत चांगलं कळलं होतं. म्हणून सोमवारी सकाळी, काट्यावरच्या बाईला हजेरीच्या रांगेत उभं राहायची गरज नसताना, ती जाऊन रांगेत पहिली उभी राहिली. पायात चपला, हातात बूट. शेजारी सून. तिच्या शेजारी गुरुवारी बूट काढलेल्या त्या दोघी. मग एक-एक करत बाकीच्या आल्या, आणि सगळ्यांत शेवटी बडबडी, बूट गळ्यात नाड्यांनी अडकवून. तेवीस बायका आणि तेवीस चपलांचे जोड. पुरुषांच्या रांगेतही दोन-चार जण वाकून नाड्या सोडायला लागले.

घड्याळ आला. त्याने रांगेकडे पाहिलं, चपलांकडे पाहिलं, आणि तोंड उघडलं. मावशीने हनुवटी वर केली. त्याने मनगटाकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं.

“सात वाजून एक मिनिट,” तो म्हणाला. “उशीर होतोय. हजेरी घेतो.”

बुटांचा दुसरा जोड यायला पाच महिने लागले. तोपर्यंत रोज संध्याकाळी बुटातल्या गाद्या यंत्रामागच्या जाळीवर ओळीने वाळत, आणि मशीनवाल्याची पाठ रोज त्याच वेळी तिकडे वळलेली असे. कुणाची गादी कुठल्या कोपऱ्यात ते लवकरच ठरून गेलं, आणि पहिलं भांडण झालं तेव्हा मावशीला इतका आनंद झाला की ती मुद्दाम जाऊन ऐकत उभी राहिली. सुनेच्या अंगठ्याचं नख गेलं. नवं आलं ते जरा वाकडं आलं, आणि टोकाला अजून स्पर्श कळत नाही. बाकी पाय ठीक आहे.

चपलांच्या हजेरीच्या त्या सोमवारी आत जाताना सून दारापाशी वाकून नाड्या बांधत होती. बांधता बांधता तिने वर पाहिलं.

“आई, उरलेल्या दोन मोज्यांचं काय करू?”

“मला दे,” मावशी म्हणाली आणि खोकं काट्यावर चढवलं. “काट्यावर बसून माझे पाय गार पडतात.”